चोवीस व्होल्ट आणि आचऱ्याची खाडी

जुलै १९६३, महिन्यातला दुसरा बुधवार. ठिकाण : आचऱ्याच्या खाडीच्या उत्तर काठावरची गाबितांची, म्हणजे मच्छीमारांची वाडी, प्राथमिक शाळेची इमारत.

सकाळच्या हजेरीला उपस्थित : कॅप्टन मेनन, सर्जन. हवालदार परब, इलेक्ट्रिकल मेकॅनिक, म्हणजे मी. नाईक भीमराव चव्हाण, ड्रायव्हर-मेकॅनिक. क्राफ्ट्समन जोसेफ, जनरेटरवर. दोन नर्सिंग ऑर्डर्ली. आजारी : कोणी नाही. गैरहजर : कोणी नाही.

संध्याकाळच्या हजेरीत एक नाव कमी होते. ते का कमी झाले, हे नागरी वाचकाला समजेल अशा रीतीने लिहायचे मी बरेच दिवस ठरवले होते.

जूनमध्ये वादळ होऊन गेले होते. किनाऱ्यावरच्या मातीच्या भिंती भिजून फुगल्या होत्या आणि वादळ गेल्यानंतरही एकेक करून पडत होत्या. आमच्या युनिटला नागरी मदतीचे काम मिळाले. बाकीची कंपनी मालवणच्या बाजूला होती. आमची छोटी तुकडी खाडीपलीकडे पाठवली, कारण कुणकेश्वरकडून येणारी वाट ओढ्यांनी तोडली होती आणि तिकडच्या जखमींना कुठेच नेता येत नव्हते. ट्रक आचऱ्याच्या बाजूला, एका संत्रीच्या ताब्यात उभे राहिले. जनरेटर, ऑपरेशनचे टेबल आणि कोल्ड रूम आम्ही पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून इकडे आणली.

कोल्ड रूम म्हणजे कॉर्क भरलेल्या फळ्यांची खोली. प्रत्येक फळीवर नंबर. नंबराप्रमाणे जोडायची, बाहेर कॉम्प्रेसर लावायचा. आत रक्ताच्या काचेच्या बाटल्या. रक्त बेळगावहून आले होते. त्यानंतर घाटात दरड कोसळली आणि रस्ता बंद झाला. म्हणजे खोलीत होते तेवढेच रक्त आमचे.

कॅप्टन साहेबांनी पहिल्याच दिवशी मला दारापाशी उभे करून सांगितले, "परब, चार ते सहा डिग्री. दहाच्या वर गेलं तर मी ते रक्त फेकून देईन. गोठलं तर तेही फेकून देईन. गोठलेलं रक्त माणसाला दिलं तर माणूस मरतो. समजलं?"

"समजलं, सर."

आता ही खोली चार आणि सहाच्या मध्ये कशी राहते, ते सांगतो. कॉम्प्रेसरची मोटर जनरेटरच्या मोठ्या व्होल्टेजवर चालते. पण ती कधी चालावी आणि कधी थांबावी, हे ठरवणारे सर्किट वेगळे असते. आमच्याकडे ते चोवीस व्होल्टचे होते. आत एक थर्मोस्टॅट. खोली तापू लागली की तो एका रिलेला सांगतो, रिले कॉन्टॅक्टर नावाचा मोठा स्विच ओढून धरतो आणि कॉम्प्रेसर सुरू होतो. पुरेसे गार झाले की उलट. फारच गार होऊ लागले तर तेच सर्किट आतले लहान हीटर लावते. होडीत वल्ही मारणारे चौघे असतात आणि सुकाणूवर एक. सुकाणूवरच्याला फार ताकद लागत नाही, पण तो झोपला तर चौघांच्या ताकदीचा उपयोग नाही. चोवीस व्होल्टचे सर्किट सुकाणूवर होते.

जनरेटर दमतात. एक बंद करून दुसरा सुरू करताना मध्ये खंड पडतो, आणि खाऱ्या दमट हवेत आमचे जनरेटर अधूनमधून आपणहून गचके देत. त्या गचक्यात कंट्रोल सर्किट पडू नये म्हणून ते बॅटरीवर चालत असे. बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. जनरेटर चालू असताना चार्जर त्यांना भरत राही. अशी एक जोडी कामावर आणि एक जोडी राखीव. ज्याने हे डिझाइन केले तो माणूस मी कधी पाहिला नाही, पण त्याच्याबद्दल मला आदर आहे. मोठ्या यंत्राची काळजी सगळे घेतात. त्याने लहान सर्किटाची घेतली होती.

माझा आठवड्याचा तक्ता असे. सोमवारी फळ्यांचे सांधे. मंगळवारी वायरींची टोके. बुधवारी राखीव जोडीची चाचणी. रविवारी बॅटऱ्यांत पाणी, आणि ते काम नाईक चव्हाणचे.

चव्हाण जत तालुक्यातला. उंच, सावळा, मिशा नेहमी कातरलेल्या. ट्रकच्या इंजिनावर कान ठेवून तो आजार सांगे. लष्करात अकरा वर्षे काढली होती, पण समुद्र त्याने इथे येईपर्यंत पाहिला नव्हता आणि पाहिल्यावर तो त्याला आवडला नव्हता. खाडी ओलांडताना तो होडीच्या तळाशी बसे आणि डोळे मिटून घेई. वाडीतल्या बायकांना याची फार गंमत वाटे.

शाळेच्या शेजारचे घर बाबी तांडेलाचे. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. घरात तो, त्याची बायको शेवंती आणि आई काशीबाय. काशीबाय सत्तरीची, वाकलेली, आणि दिवसातून चार वेळा आमच्या अंगणात. चव्हाणला छेडणे हा तिचा आवडता उद्योग.

"काय रे चव्हाणा, तुझ्या गावाक न्हंय तरी आसा?"

"नदी हाय की, काशीबाय. पाणी नाही."

"मगे तिका न्हंय कित्याक म्हणतत?"

"आशेवर म्हणायचं."

ती हसून हसून खाली बसे. मग जाताना त्याला पदराखालून भाजलेला बांगडा देई. चव्हाण माळकरी नव्हता, पण मासे त्याने आयुष्यात खाल्ले नव्हते. तिच्यासमोर तो खाई.

बॅटरीत साधे पाणी चालत नाही. डिस्टिल्ड वॉटर लागते. ते संपले होते आणि घाट बंद. अशा वेळी पावसाचे पाणी चालते, पण कौलांवरून आलेले नाही, कारण कौलांवर समुद्राचा खार बसतो. म्हणून आम्ही एक मोठी काचेची बरणी अंगणाच्या मध्ये, आभाळाखाली, चिऱ्यावर ठेवली होती. तोंडाला धुतलेले मलमल. जुलैत तिथे बरणी भरायला वेळ लागत नाही. पण आदल्या आठवड्यात पावसाने उघडीप दिली आणि बरणी रिकामी राहिली.

काशीबायची एक समजूत होती. दुखणेकऱ्याच्या दारात रिकामे भांडे ठेवू नये. शाळेत दुखणेकरी होते. म्हणून ती रोज पहाटे येऊन आमच्या अंगणातली बादली, घागर, जी दिसेल ती भरून ठेवी. कोणी सांगितले नव्हते. तिने आपल्या घरच्या विहिरीचे पाणी शेंदून त्या रविवारी बरणीही भरली. मलमल पुन्हा नीट बांधले.

त्या घराची विहीर खाडीपासून हाकेच्या अंतरावर. पाणी मचूळ.

चव्हाणने भरलेली बरणी पाहिली. रात्री सर पडून गेली असेल असे त्याला वाटले. जतच्या माणसाला पावसाने बरणी भरली याचा संशय येत नाही, आनंद होतो. त्याने त्यातले पाणी राखीव जोडीत भरले. कामावरच्या जोडीला त्या दिवशी पाण्याची गरज नव्हती. हे आमचे नशीब.

बुधवारी सकाळी मी चाचणीला बसलो. राखीव जोडी उतरलेली. हायड्रोमीटरचा गोळा वर यायला तयार नव्हता. मी ती चार्जरवर लावली. पोटातून बिघडलेली बॅटरी जास्त करंट ओढते. थोड्याच वेळात चार्जरमधून सडक्या मुळ्यासारखा वास आला. आतला रेक्टिफायर जळला की असाच वास येतो. मी स्विच काढला, पण चार्जर गेला होता.

मी बरणीत बोट बुडवून चाखले. चव्हाण समोर उभा होता. त्यानेही चाखले. अंगण ओलांडून काशीबायच्या विहिरीकडे एकदा पाहिले. त्याला कळले.

"हवालदारसाब," तो म्हणाला, "म्हातारीला सांगू नका."

"नाही सांगत."

ती आता हयात नाही, म्हणून लिहितो आहे.

परिस्थिती अशी झाली : राखीव जोडी निकामी. चार्जर निकामी. कामावरची जोडी चालू, पण तिला भरणारे कोणी नाही. ती दुपारपर्यंत पुरेल असा माझा अंदाज होता. चांगल्या बॅटऱ्या पलीकडच्या काठावर, ट्रकमध्ये. घाटात दोन दिवस पाऊस कोसळत होता, त्यामुळे खाडीला वरून पुराचे पाणी आणि समोरून भरती. माणसे ने-आण करणारी होडी, म्हणजे तर, तीही आदल्या संध्याकाळपासून बंद होती.

मी कॅप्टन साहेबांना रिपोर्ट दिला. त्यांनी विचारले, "आज कोणाला रक्त लागणार आहे का?" मी म्हटले, "सध्या कोणी नाही, सर." तोपर्यंत ते खरे होते.

तासाभराने शेवंतीला दारावर घालून आणले. दार म्हणजे घराचेच दार, बिजागरीतून काढलेले. मागच्या पडवीची भिंत तिच्या अंगावर आली होती. बाहेरून जखम लहान दिसत होती. कॅप्टन साहेबांनी पोटावर हात ठेवला, नाडी पाहिली, आणि त्यांचा आवाज खाली आला. त्यांचा आवाज खाली आला की आम्ही सगळे ताठ होत असू.

"आत रक्तस्राव आहे. उघडावं लागेल. हिच्या गटाच्या किती बाटल्या?"

"चार, सर."

"चारही लागतील. ऑपरेशन दुपारभर चालेल. परब, खोली सहाच्या वर जाता कामा नये."

"जाणार नाही, सर."

मी शब्द दिला तेव्हा तो कसा पाळायचा हे माझे पूर्ण ठरले नव्हते. पण अशा वेळी आधी शब्द द्यायचा आणि मग यादी करायची, हे मी लष्करात शिकलो.

वायरलेसवर पलीकडच्या संत्रीला बोलावले.

"वन, हे टू. ट्रकच्या दोन बॅटऱ्या काढून धक्क्यावर आणा. ओव्हर."

"टू, हे वन. बॅटऱ्या आणतो. होडी कोणी सोडणार नाही म्हणतात. पाणी फार आहे. ओव्हर."

"होडी इकडून येईल. आउट."

होडी इकडून कोण नेणार, हे मी अजून ठरवले नव्हते. बाबी तांडेल शाळेच्या पायरीवर बसला होता. बायको आत टेबलावर. त्याने वायरलेसवरचे बोलणे ऐकले होते.

"परबानू," तो उठला, "मी जातंय."

मी मूळ वेंगुर्ल्याचा. त्याच्याशी मी मालवणीत बोलत असे. "बाबी, तुझी बायल आत आसा."

"म्हणानच जातंय. हंय बसान काय करू? वासू वल्ह्यार बसात. तुमचो एक माणूस होयो. ती बॅटरी कशी धरूची ता आमका म्हायत नाय."

वासू त्याचा खलाशी. त्याने नुसती मान हलवली.

बॅटरी कशी धरायची हे माहीत असलेले आम्ही तिघे होतो. जोसेफ जनरेटर सोडू शकत नव्हता. मी कोल्ड रूम सोडू शकत नव्हतो. मी काही बोलायच्या आत चव्हाण बूट काढू लागला.

"पाणी मी भरलंय. आणतो मीच."

"चव्हाण, पोहता येतं?"

"नाही, साब."

बाबी म्हणाला, "पोहाक येणा नाय ता बरा. उडी तरी मारूचो नाय. होडयेक गोचडीसारखो चिकटान बस, चव्हाणा. डोळे मिटलंस तरी चलात."

"आज उघडे ठेवतो," चव्हाण म्हणाला.

काशीबाय सुनेच्या उशाशी होती. तिला कसे कळले कोण जाणे, ती धावत बाहेर आली. हातात दोन सुके भोपळे, दोरीने बांधलेले. आमच्याकडे पोरांना पोहायला शिकवताना पाठीला असे भोपळे बांधतात. तिने ते चव्हाणच्या पाठीवर आवळले, दोन गाठी मारल्या.

"एवढो मोठो बाप्यो, आणि भोपळे बांधूक लागतत," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण टोमणा तिने सोडला नाही.

"परत आलो की बांगडा खाणार नाही, काशीबाय. आधीच सांगतो."

"गुमान खाशील."

ते तिघे खाली गेले. मी कोल्ड रूमकडे वळलो.

बॅटरी माझ्या अंदाजापेक्षा लवकर बसू लागली. आधी रिले थरथरू लागला. कॉन्टॅक्टर ओढला जाई, सुटे, पुन्हा ओढला जाई. असे होऊ दिले तर त्याची टोके जळून जातात. मी कंट्रोल सर्किट तोडले आणि जोसेफला म्हटले, "कोरडं लाकूड आण. पूर्ण कोरडं."

जुलैत कोकणात कोरडे लाकूड एकाच ठिकाणी असते, चुलीवरच्या माळ्यावर. जोसेफ काशीबायच्या घरात शिरला आणि धुराने काळा झालेला एक दांडका घेऊन आला. पायाखाली मी रबराची चटई घेतली. दांडक्याने कॉन्टॅक्टर हाताने दाबून धरला. कॉम्प्रेसर सुरू झाला. काचेतून दिसणारा थर्मामीटर जोसेफ वाचू लागला.

"साडेपाच. पाच. साडेचार. चार, साब."

मी दांडका काढला. कॉम्प्रेसर थांबला.

"पाच. साडेपाच. सहा."

मी पुन्हा दाबला.

अशा प्रकारे त्या दुपारी मी थर्मोस्टॅट, रिले आणि कॉइल या तिघांचे काम केले. ते मला जमले, पण जितके ते सर्किट करते तितके जमले नाही. सर्किटाचे हात दुखत नाहीत. शिवाय प्रेशर फार वाढले तर कॉम्प्रेसर आपोआप बंद करणारा कटआउटही त्याच चोवीस व्होल्टवर होता. तो आता नव्हता. हाताने दाबलेल्या स्विचची टोके नीट बसत नाहीत, ठिणग्या उडतात, टोके झिजतात. जोसेफने कॉम्प्रेसरच्या डोक्यावर हात धरला आणि लगेच मागे घेतला.

"साब, हे असं संध्याकाळपर्यंत जाणार नाही."

"मला माहीत आहे. वाच."

आतून ऑर्डर्ली आला, पहिली बाटली घेऊन गेला. मग दुसरी. दार उघडले की थर्मामीटर चढे. मी दाबून धरी.

खाडीवर काय झाले ते मी पाहिले नाही. पुढचे मी वासू आणि बाबी या दोघांकडून वेगवेगळे ऐकले आहे, आणि दोघांचे म्हणणे जुळते.

जाताना ते व्यवस्थित गेले. बाबीने होडी प्रवाहाच्या वर नेली आणि मग तिरकी सोडली. पलीकडे संत्रीने दोन्ही बॅटऱ्या तयार ठेवल्या होत्या. चव्हाणने त्यांची टोपणे तपासली, प्रत्येक भोकावर ग्रीस लावलेल्या कापडाचा तुकडा बसवला, म्हणजे समुद्राचे पाणी आत जाणार नाही. आत पुन्हा खारे पाणी जाऊ द्यायचे नाही, एवढे त्याने वासूला दोनदा सांगितले. मग त्याने पाठीवरचे भोपळे सोडले. वासू ओरडला. चव्हाण म्हणाला, बॅटरी होडीच्या फासळीवर आपटली तर तिची पेटी फुटते, मध्ये काहीतरी मऊ हवे. त्याने एका बॅटरीच्या दोन्ही बाजूंना ते भोपळे बांधले आणि ती होडीच्या तळाशी दोरीने जखडली. दुसरी मांडीवर घेतली. ट्रकची बॅटरी साधारण पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या वजनाची असते. आडवी झाली तर अॅसिड सांडते. म्हणून त्याने ती दोन्ही हातांनी सरळ धरली.

खाडीच्या मुखाजवळ पाण्याखाली एक खडप, म्हणजे खडक आहे. ओहोटीला त्याचे डोके दिसते, भरतीला दिसत नाही. वाडीतल्या माणसांना ते पाठ आहे. पण त्या दिवशी पूर आणि भरती यांच्यामध्ये पाणी असे फुगले होते, की खडपावर नेहमी फुटणारी लाट फुटत नव्हती. बाबीने ते उजवीकडे सोडले असे त्याला वाटले. होडीची बाजू त्यावर घासली आणि होडी एका अंगावर कलली.

वासूने वल्हे धरले. बाबीने सुकाणू धरले. चव्हाणचे दोन्ही हात बॅटरीवर होते. वासू म्हणतो, त्याला होडीची कड धरायला वेळ होता. त्याने आधी बॅटरी वासूच्या पायांमध्ये ढकलली, सरळ उभी. मग कड धरायला हात नेला. तोवर लाट आली आणि तो पाण्यात गेला.

बाबी तांडेलने सुकाणू वासूकडे दिले आणि उडी मारली.

होडी आता एकट्या वासूला न्यायची होती. बाबीने पाण्यातून त्याला हाताने जायची खूण केली. बायको टेबलावर असलेला माणूस पाण्यात दुसऱ्याच्या माणसाला शोधत राहिला आणि बॅटऱ्या मात्र पुढे पाठवल्या. मी लष्करात पुष्कळ शौर्य ऐकले आणि थोडे पाहिले. त्यात हे मी वरच्या बाजूला लिहितो.

वासू दोन्ही बॅटऱ्या खांद्यावरून घेऊन वर आला तेव्हा तो एकटा होता. मी विचारले, "चव्हाण?"

तो म्हणाला, "बाबी हुडकता."

मी जोसेफच्या हातात दांडका दिला. बॅटऱ्यांची टोके पुसली. भोपळे सोडले. हायड्रोमीटर लावला. दोन्ही पूर्ण भरलेल्या. एका थेंबाचेही खारे पाणी आत गेले नव्हते. जोडणी केली, फ्यूज बसवला, स्विच दिला. रिले एकदाच खट् असा वाजला आणि तसाच राहिला. कॉन्टॅक्टर आपणहून बसला. जोसेफने दांडका बाजूला घेतला आणि तो जिथे उभा होता तिथेच खाली बसला.

"किती?" मी विचारले.

"साडेसहा. सहा. साडेपाच."

अर्ध्या डिग्रीने माझा शब्द मोडला होता, पण खोली दहाच्या जवळही गेली नाही.

काशीबाय दारात उभी होती. तिने जमिनीवर पडलेले भोपळे पाहिले. तिने ते उचलले, पदराने पुसले आणि ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसली.

तिसरी बाटली लागली. चौथी निम्मी लागली. दिवस मावळायच्या आधी कॅप्टन साहेब बाहेर आले. "परब, ती जगेल," ते म्हणाले. मग त्यांनी आजूबाजूला पाहिले. ते सर्जन होते, माणसे मोजायची त्यांना सवय होती.

"चव्हाण कुठे आहे?"

मी अटेन्शनमध्ये उभा राहून रिपोर्ट दिला.

बाबी अंधार पडताना किनाऱ्याने चालत आला. अंग खडकावरच्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी कापलेले. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "गावलो नाय, परबानू." बायको वाचल्याचे मी त्याला सांगितले. तो शाळेत गेला नाही. पायरीवर बसून राहिला. मग काशीबाय आली आणि त्याला हाताला धरून आत घेऊन गेली.

नाईक चव्हाण दुसऱ्या दिवशी ओहोटीला खाडीच्या मुखाजवळच्या वाळूत मिळाला. वाडीतल्या माणसांनीच आणला. त्याच्या गावाला पोहोचवण्याचा रस्ता बंद होता. वरून परवानगी आली आणि आम्ही त्याला आचऱ्याच्या बाजूला, लष्करी मानाने अग्नी दिला. फायरिंग पार्टी मालवणहून आली. दोन्ही काठांवरची माणसे होती. काशीबाय भर पावसात उभी राहिली, तिला कोणी घरी नेऊ शकले नाही. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला वाडीतल्या होड्या समुद्राला नारळ द्यायला निघाल्या, तेव्हा पहिला नारळ बाबीने त्या खडपावर सोडला. अजूनही तो तसेच करतो.

कॅप्टन साहेबांनी चव्हाणच्या घरी पत्र लिहिले. मीही लिहिले. त्यात मी पाण्याचा उल्लेख केला नाही. बॅटऱ्या भरलेल्या आणि कोरड्या पोहोचल्या, हे लिहिले, कारण त्याच्या आईला ते समजले नसते तरी त्याच्या भावाला समजले असते. तो एस.टी.त मेकॅनिक होता.

यानंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येक ठिकाणी मी काही गोष्टी पक्क्या केल्या. बॅटरीचे पाणी कुलपात. राखीव जोडीला वेगळा चार्जर. दुसऱ्या माणसाने चाखून किंवा तपासून सही केल्याशिवाय पाणी भरायचे नाही. कंट्रोल सर्किटाच्या पेटीवर मी पांढऱ्या रंगाने लिहीत असे : आधी हे. नवीन पोरांना वाटे, हवालदार परब मोठ्या मशीनपेक्षा या लहान डब्याला जास्त सलाम करतो. बरोबर वाटे.

आता मी निवृत्त आहे. मालवणात एका बर्फाच्या कारखान्यात देखभालीचे काम पाहतो. तिथेही कंट्रोलला राखीव बॅटरी आहे. मालकाने आधी विचारले, कशाला हवी? मी त्याला एकदा आचऱ्याच्या खाडीपलीकडे घेऊन गेलो, बाबीच्या घरी. शेवंतीने चहा केला. ती बारीक झाली आहे, पण बाजाराला मासे घेऊन अजून चालत जाते. परत येताना मालकाने वाटेतच होकार दिला.

खडपाचे काम मात्र राहिले आहे. बाबी दर वर्षी तिथे बांबू रोवतो, वर लाल फडके. दर पावसात समुद्र तो नेतो. त्या खडपावर लोखंडी खांब उभा करायचा आणि वर बॅटरीवर चालणारा लाल दिवा लावायचा, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. दिव्याची बॅटरी किनाऱ्यावर, बाबीच्या पडवीत ठेवायची, आणि तिथून चोवीस व्होल्टची वायर पाण्याखालून न्यायची. वायर घेऊन झाली आहे. रेल्वेच्या भंगारातला रूळ मिळाला आहे, तो माझ्या अंगणात आहे. दिवा मिळाला आहे. अर्ज देऊन झाला आहे, परवानगी तोंडी मिळाली आहे.

रूळ बसवायला खडपाला हातभर खोल भोक पाडावे लागते. खडप पुरते उघडे पडते ते फक्त थंडीतल्या मोठ्या ओहोटीला, आणि तेही थोडाच वेळ. पहिल्या वर्षी पहार वाकली. दुसऱ्या वर्षी आम्ही चार माणसे आणि दोन छिन्न्या घेऊन गेलो, वीतभर खोल गेलो, आणि पाणी आले. मागच्या थंडीत बाबीचा खांदा धरला होता, जाणे झालेच नाही.

यंदा वासूचे दोन पुतणे येणार आहेत. छिन्न्या मी धार लावून ठेवल्या आहेत. भोक वीतभर पडले आहे, हातभर पाडायचे आहे.